फुली म्हणजे शून्य नव्हे

ऑफिसात तिला सगळे फुलीताई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. सव्वीस वर्षं एकच काम केलेल्या माणसाला त्या कामाचं नाव चिकटणारच. गवंड्याला लोक गवंडी म्हणतात, तो काही चिडत नाही.

काम असं होतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्याकडून वर्षातून एकदा फॉर्म भरून यायचा. कामगार किती, माल किती निघाला, पुढच्या वर्षी याच तारखेला किती कामगार असतील. सगळ्या फॉर्मांची बेरीज होऊन तक्ते तयार होत आणि ते छापून जगजाहीर होत. छपाईला जाण्याआधी फुलीताई प्रत्येक तक्ता बोटाखालून घालायची. ज्या चौकटीतला आकडा तीनपेक्षा कमी कारखान्यांचा असेल, तो खोडून तिथे फुली मारायची. कारण चौकटीत एकच कारखाना असला, की तो आकडा राहत नाही, त्या मालकाच्या घरची गोष्ट होते. आणि तक्त्याच्या पायाशी ती दर वर्षी एकच वाक्य लिहायची, ‘फुली म्हणजे शून्य नव्हे.’ ते कुणी वाचत नसे. लोक तळटिपा वाचत असते तर जगातली निम्मी भांडणं झालीच नसती.

ती ज्या खोलीत बसायची तिला खिडकी होती, पण तिच्या काचेला आतून पांढरा रंग दिलेला. दाराला दोन कुलपं, एक किल्ली साहेबांकडे, एक हिच्या गळ्यात. फोन बाहेरच्या खणात ठेवून आत जायचं. आत जाताना फॉर्म मोजायचे, बाहेर येताना मोजायचे. चुकलेल्या कागदाचा बोळा करून टाकायचा नाही, तो यंत्रात घालून त्याच्या शेवया करायच्या आणि शेवयांच्या पिशवीवरही सही करायची. आतल्या कॉम्प्युटरला बाहेरच्या जगाची तार नव्हती, कारखानदारांना विचारायला ऑफिसचा एक तारेचा फोन तेवढा होता. पहिल्या वर्षी तिला तिथे गुदमरल्यासारखं व्हायचं. पुढे सवय झाली, असं ती सांगायची. सवय झालेली माणसं रोज संध्याकाळी बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं नुसती उभी राहत नाहीत. ही राहायची.

एवढी कडक ती जन्मतः नव्हती. नोकरीच्या चौथ्या वर्षी तिच्या हातून एक चूक झाली होती. जिल्ह्यात कातडी कमावण्याचा कारखाना एकच होता. तिने त्याच्या चौकटीवर नीट फुली मारली, आणि खालची एकूण बेरीज मात्र तशीच ठेवली. चौथीतल्या पोराला येणारी वजाबाकी. त्या मालकाच्या परजिल्ह्यातल्या एका स्पर्धकाने ती केली, कारखान्याचा माल निम्म्यावर आल्याचं ओळखलं आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटला. महिन्याभराने मालक स्वतः ऑफिसात आला. आरडाओरडा नाही, काही नाही. त्याने छापील तक्ता तिच्या टेबलावर पसरला, खिशातलं पेन काढून बाकीच्या ओळींची बेरीज केली, ती एकूणातून वजा केली आणि उत्तराखाली रेघ मारली.

“बाई, हा माझा आकडा. बरोबर आहे ना?”

तिला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना, कारण दोन्हींनी तो आकडा उघडा पडणार होता. तो उत्तराची वाट बघून निघून गेला. पुढच्या वर्षापासून त्याच्या फॉर्मवर दर वेळी तेच ते जुने आकडे येऊ लागले, खोटे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर फुलीताईने दर एका खऱ्या फुलीबरोबर दुसरी एक फुली मारली नाही असं झालं नाही. शेजारच्या एखाद्या निरपराध चौकटीवर, जिथे लपवण्यासारखं काहीच नाही तिथे. तिला ती राखणीची फुली म्हणायची. दोन आकडे झाकले की वजाबाकी करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

तिथवर सगळं ठीक होतं. पण हा हिशोब तिने ऑफिसातून घरी आणला. समजा, एखाद्या कारखान्याबद्दल विचारलं की ती गप्प बसते आणि दुसऱ्याबद्दल बोलते, तर तिच्या गप्प बसण्यातूनच ऐकणारा शहाणा होईल. म्हणून ती कुठल्याच कारखान्याबद्दल बोलायची नाही. साबणाचा, कागदाचा, खिळ्यांचा, कुणाचाही विषय निघो, “मला काय माहीत?” हे ठरलेलं उत्तर. तिची आई म्हणायची, हिच्या पोटात विहीर आहे, काहीही टाका, आवाजसुद्धा येत नाही.

धाकटी बहीण नेमकी उलट. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून घरात तिचं नाव दवंडी. शेजारणीच्या मुलीचं लग्न मोडलं तर ते दवंडीला मुलीच्या आधी कळायचं. ती दर रविवारी सकाळी आईला भेटायला यायची आणि आठवडाभराचं सगळं जग चहाच्या दोन कपांत ओतून जायची. आपल्या घरातलंही ती काही राखून ठेवत नसे. नवऱ्याच्या पाठदुखीपासून मोलकरणीच्या खाड्यांपर्यंत सगळं मोठीपुढे. फुलीताईला ते फार आवडायचं. ती स्वतः काही सांगायची नाही, पण ऐकायची भुकेल्यासारखी. कुलूपबंद खोलीतून आलेल्या बाईला उघड्या तोंडाचं माणूस म्हणजे मोकळी हवा.

दवंडीचा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होता. घरात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. चौदा वर्षं कायम नोकरी, पण वरची जागा रिकामी होण्याची आशा नाही. गेल्याच वर्षी फुलीताईने जेवता जेवता त्याला म्हटलं होतं, “मिस्त्री, तुमच्या हातात एवढी कला. किती दिवस तिथे कुजणार?” तिने आयुष्यात कुणाला दिलेले सल्ले बोटांवर मोजण्याइतके होते. हा त्यातला एक.

त्या वर्षी फॉर्म आले त्यात रबरी वायसर बनवणाऱ्या कारखान्याचा फॉर्म एका जागी कोरा होता. जिल्ह्यात रबराचा हा एकच कारखाना, एक्केचाळीस कामगार. पुढच्या वर्षीच्या कामगारांची चौकट मालकाने भरलीच नव्हती. नियमाप्रमाणे फुलीताईने फोन लावला. मालक घुटमळला, मग म्हणाला, खरं सांगू का खोटं? ती म्हणाली, खरंच सांगा, त्यासाठीच तर विचारते. त्याने विचारलं, कुणाला कळणार नाही ना?

अशा वेळी म्हणायचं तिचं एक वाक्य होतं. सव्वीस वर्षांत हजारदा तरी म्हटलं असेल. ऐकणारा हसायचा, सैल व्हायचा आणि खरं सांगायचा.

“माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगणार नाही.”

तोही हसला. मग म्हणाला, तिथे शून्य लिहा. हातातली मोठी ऑर्डर सहा-सात महिन्यांत पुरी होईल, ती झाली की कुलूप. कामगारांना आत्ता सांगितलं तर उद्याच निम्मे जातील, ऑर्डर बुडेल, मग त्यांच्या हातावर शेवटी ठेवायलाही माझ्याजवळ काही उरणार नाही. फुलीताईने त्या चौकटीत आपल्या हाताने शून्य लिहिलं. फॉर्म कपाटात गेला. तक्त्यात त्या जागी फुली पडली, शेजारी कागदवाल्यांवर राखणीची दुसरी पडली, आणि ती घरी आली.

तो शुक्रवार होता. रविवारी दवंडी आली ती उंबऱ्यातूनच बोलत. मिस्त्रींना नवी नोकरी लागली. थेट हेड फिटर. सगळी यंत्रं त्यांच्या हाताखाली, पगार दीडपट. कारखाना कुठला? तो रबराचा, वायसरवाला. मालक स्वतः घरी येऊन गेला, म्हणाला तुमच्यासारखा माणूस मला आजच्या आज हवा. बुधवारी मिस्त्री पंपघरात राजीनामा देणार.

आईने आनंदाने चहात साखर जास्त घातली. फुलीताईने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“ताई, तुझ्याकडे सगळ्या कारखान्यांचे कागद येतात,” दवंडी म्हणाली. “हा कसा आहे गं? बरा आहे ना?”

कप धरलेल्या बोटांना चटका बसत होता हे तिला कळत होतं, तरी तिने हात काढला नाही. नाही म्हणावं तर संपलं. दवंडीला सांगणं म्हणजे चौकात ढोल वाजवणं. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस घरांत बातमी, आणि कुणी फोडलं ते मालकाला कळायला एक क्षणही लागणार नाही, कारण त्याने ते जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. आणि काही न सांगता नुसतं ‘नका जाऊ’ म्हणावं, तर गेल्या वर्षी ‘कुजू नका’ म्हणणारी तीच. तिचं मत फिरलं म्हणजे काहीतरी कळलंय, हे दवंडीने चुटकीत ओळखलं असतं. इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहीर तर आईच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या पोटातच होती.

“मला काय माहीत?” ती म्हणाली.

दवंडी हसली. “हिचं हे ठरलेलं,” ती आईला म्हणाली, आणि मिस्त्रींसाठी नवे बूट घ्यायचे म्हणून लवकर उठली.

सोमवारी फुलीताई साहेबांकडे गेली. साहेब निवृत्तीला आलेले, सज्जन, नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेले. तिने नाव न घेता सांगितलं, माझ्या नात्यातला एक माणूस अशा ठिकाणी नोकरीला चाललाय, ज्याचा फॉर्म मी हाताळलाय. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, पुढे बोलू नका, तुम्ही बोललात तर मला ते लिहावं लागेल. मग त्यांनी एक वही काढली. नात्याचा संबंध आला की त्या वहीत नोंद करायची आणि तो फॉर्म दुसऱ्याच्या कपाटात द्यायचा, असा नियम होता. तिने नोंद केली. फॉर्म शेजारच्या कपाटात गेला.

“झालं,” साहेब म्हणाले. “आता तुमचा त्याच्याशी संबंध नाही.”

“कपाटातून गेला, साहेब. डोक्यातून कसा काढू?”

साहेब चष्मा पुसू लागले. त्यासाठी वही नाही, एवढंच ते म्हणाले. त्यांच्यावर तरी रागवायचं कशाला? सज्जन माणसाकडे नियम असतो, नियमापलीकडचं काही नसतं.

ती खोलीत परत गेली आणि दार आतून लावून दुपारभर एकही आकडा न तपासता बसून राहिली. मनातल्या मनात तिने एक्केचाळीस माणसं मोजली. मिस्त्री बेचाळिसावे. त्या एक्केचाळिसांच्याही बायका असतील, मेव्हण्या असतील, पण त्यांच्यातली कुणी कुलपाच्या या बाजूला बसलेली नाही. मग एकट्या मिस्त्रींनाच का वाचवायचं? हा प्रश्न बरोबर होता, आणि त्याने तिला तिळमात्र समाधान झालं नाही. मिस्त्री तिचे होते. बाकीचे आकडा होते. असं वाटल्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तेच वाटत राहिलं.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर ती बहिणीच्या घरी गेली. दवंडी भाजी आणायला गेली होती. मिस्त्री जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आपली हत्यारं तेलाने पुसत बसले होते, पान्हे लहानमोठे ओळीने लावलेले. चौदा वर्षांत तिने त्यांना असं खुलून बसलेलं पाहिलं नव्हतं. बाजूला राजीनाम्याचा कागद, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून पक्कड ठेवलेली.

“ताई, तुमचे उपकार आहेत,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणाला नसता तर मी हललोच नसतो. तुम्ही कधी बोलत नाही, म्हणून ते मनात बसलं.”

तिच्या घशाशी वाक्य आलं. राजीनामा देऊ नका, बिनपगारी रजा काढा, सहा महिने बघा, मग ठरवा. साधा, शहाणा सल्ला, कुणीही दिला असता. पण सहा महिने हा आकडा तिचा नव्हता.

“तुम्हाला सहा...” ती म्हणाली आणि थांबली.

मिस्त्रींनी वर पाहिलं. “काय सहा?”

“सहा वाजले का हो?”

“साडेसात वाजलेत, ताई.” त्यांनी जरा काळजीने तिच्याकडे पाहिलं. “पाणी देऊ?”

तिने पाणी घेतलं. ती बसली होती तिथून तो कागद इतका जवळ होता, की हात लांबवला असता तर फाडता आला असता. कागद फाडायचं यंत्र ती सव्वीस वर्षं चालवत होती. तिने पेला खाली ठेवला, मिस्त्रींचे पान्हे चांगले आहेत म्हणाली आणि उठली. जिन्यात दवंडी भेटली, जेवूनच जा म्हणून मागे लागली. ही थांबली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्याला जेवण जात नाही.

बुधवारी राजीनामा गेला. पुढच्या पंधरवड्यात पंपघरातल्या जागेवर दुसरा माणूस आला, कारण कायम नोकरीची जागा कुणासाठी रिकामी राहत नाही. त्यानंतर सात महिने फुलीताई दर रविवारी दवंडीकडून कारखान्याच्या गोष्टी ऐकत होती. मिस्त्रींनी बंद पडलेला प्रेस चालू केला. मालकाने सगळ्यांदेखत पाठ थोपटली. ऑर्डरचा निम्मा माल गेला. पाऊण गेला. घरात ही प्रगती होती. तिला एकटीला ती उलट मोजणी ऐकू यायची. तिचं वजन उतरलं, आणि आई शेजारणींना सांगू लागली की हिला ऑफिसात काम फार आहे.

एका गुरुवारी माल भरलेली शेवटची गाडी बाहेर पडली आणि शुक्रवारी फाटकावर नोटीस लागली. मालकाने शब्दाप्रमाणे प्रत्येकाला जुनेपणाच्या हिशोबाने देणं दिलं. मिस्त्री सगळ्यांत नवे.

त्या रविवारी दवंडी आली ती उंबऱ्यातून बोलत आली नाही. आत आली, आईच्या शेजारी बसली आणि चहा निवेपर्यंत एक शब्द बोलली नाही. आईने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला. मग दवंडीने मान वर केली.

“ताई, एकदाच विचारते. तुला माहीत होतं?”

कारखाना बंद झाला होता, पण त्याचा फॉर्म उघडा झाला नव्हता. कारखाने बंद पडतात, माणसं मरतात, दिलेला शब्द तसाच राहतो. हो म्हणणं म्हणजे त्या फॉर्मवर काय होतं ते सांगणं. नाही म्हणणं म्हणजे बहिणीशी खोटं बोलणं, आणि ते तिने कधी केलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी तो कातडीवाला पेन हातात धरून असाच उत्तराची वाट बघत उभा होता.

“मला काय माहीत?” ती म्हणाली.

दवंडी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. “मी त्या दिवशी घरी जाऊन ह्यांना सांगितलं, ताईला विचारून आले. काही वाईट असतं तर ती बोलली असती. ती गप्प राहिली म्हणजे काही नाही. तुझ्या गप्प राहण्यावर आम्ही सही केली, ताई.”

फुलीताई दर वर्षी तक्त्याच्या तळाशी ते वाक्य लिहायची. परक्यांसाठी लिहायची. घरी कधी म्हटलं नव्हतं.

दवंडीने रविवारी येणं सोडलं नाही, आईसाठी ती येतच राहिली. मिस्त्री आता घरोघर फिरून नळ दुरुस्त करतात, हे फुलीताईला वाण्याकडून कळलं. तिने एकदा न राहवून विचारलं, मिस्त्रींना काम मिळतंय ना बरं? दवंडी आईच्या केसांना तेल लावत होती. तिने वर न बघता उत्तर दिलं, “मला काय माहीत?” मग फुलीताईने मुलांचं विचारलं, मग पाठदुखीचं, मग मोलकरणीचंसुद्धा. सगळ्याला तेच उत्तर. एकही चौकट उघडी नव्हती. राखण कशी करायची ते दवंडी चांगलंच शिकली होती, आणि शिकवणारी समोरच बसली होती.

पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म आले. एका नव्या कारखान्याच्या फॉर्मवर कामगारांची चौकट कोरी होती. फुलीताईने फोन लावला. पलीकडचा माणूस तरुण, बोलका. तो म्हणाला, सांगायला हरकत नाही बाई, पण कुणाला कळणार नाही ना?

सवयीने वाक्य बाहेर आलं. “माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगणार नाही.”

तो मोठ्याने हसला. “का हो, बहिणीशी पटत नाही वाटतं?”

तिने पांढऱ्या रंगाच्या काचेकडे पाहिलं.

“पटायचं,” ती म्हणाली. “हं, सांगा. कामगार किती?”